वणव्यावर जगणारे डोंगर

दुरून डोंगर साजरे ही म्हण केपटाऊनमध्ये उलटी लागू पडते. विमानतळावरून शहराकडे येताना समोर टेबल माउंटन दिसतो तो भव्यच असतो, पण त्याच्या उतारांवर नजर स्थिरावली की सह्याद्रीतून आलेल्या माणसाचा हिरमोड होतो. झाडीच नाही! श्रावणातल्या हिरव्यागार डोंगरांची सवय झालेल्या डोळ्यांना तिथे करड्या, मळकट हिरव्या रंगाचं, कमरेएवढं विस्कटलेलं झुडूप दिसतं. त्यातून जागोजाग खडक वर आलेले. नोकरीनिमित्त इथे येऊन राहिलेले आपले लोक त्यामुळे पहिले काही महिने समुद्रकिनारे आणि द्राक्षमळे बघण्यात घालवतात, आणि डोंगरावर जातात ते केबल कारने. मग कधीतरी ऑफिसातला कुणी स्थानिक सहकारी सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवारी सिल्व्हरमाइनच्या पायवाटेवर घेऊन जातो. पहिल्या अर्ध्या तासातच चालणं थांबतं आणि वाकणं सुरू होतं. ज्याला आपण नुसतं काटेकुटे समजत होतो त्यात पावलापावलावर वेगळं फूल असतं.

या झुडपी रानाला फेनबॉस म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाला साधारण 90 हजार चौरस किलोमीटरचा जो पट्टा केप पुष्पप्रदेश म्हणून ओळखला जातो, त्याचा मोठा भाग फेनबॉसने व्यापलेला आहे. हा पट्टा महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. त्यात वनस्पतींच्या सुमारे 9 हजार जाती आढळतात आणि त्यांतल्या जवळजवळ सत्तर टक्के जगात दुसरीकडे कुठेही आपसूक उगवत नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ पृथ्वीचे सहा पुष्पप्रदेश मानतात. त्या वाटणीत युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका मिळून एक प्रदेश होतो, आणि हा एवढासा कोपरा मात्र स्वतंत्र. केपटाऊन शहर ज्या द्वीपकल्पावर वसलंय त्याचं क्षेत्रफळ 471 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढं. तेवढ्यात सपुष्प वनस्पतींच्या 2,285 जातींची नोंद आहे. अख्ख्या ब्रिटनमध्ये मूळच्या जाती याहून कमी आहेत. 2004 साली युनेस्कोने इथल्या संरक्षित भागांना जागतिक वारसा म्हटलं, आणि इतकी वर्षं त्याशिवाय कशी गेली हेच नवल.

फेनबॉस ओळखायला सोपं आहे. तीन घराणी लक्षात ठेवली की पुरे. पहिलं प्रोटियाचं. क्रिकेटमुळे हे नाव आपल्याला माहीत असतं. दक्षिण आफ्रिकेच्या संघाला ज्यावरून प्रोटियाज म्हणतात ते किंग प्रोटिया या देशाचं राष्ट्रीय फूल. दुसरं एरिकाचं, सुईसारख्या बारीक पानांचं आणि घंटेसारख्या किंवा नळीसारख्या फुलांचं. एरिकाच्या साडेसहाशेहून अधिक जाती या एका प्रदेशात आहेत. रंग पांढऱ्यापासून गडद लालपर्यंत, मधे हिरवासुद्धा. तिसरं घराणं रेस्टिओचं. ते दिसायला गवतासारखं, पण गवत नव्हे. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या उभ्या सळसळत्या काड्या. इथे घरं शाकारायला याच घराण्यातल्या काड्या वापरतात. प्रोटिया आणि एरिका डोळ्यांत भरतात, पण फेनबॉस आहे की नाही याची खरी खूण रेस्टिओ.

किंग प्रोटियापाशी थोडं रेंगाळावं. झुडूप छातीइतकंही उंच नाही आणि त्याच्या टोकाला मोठ्या ताटलीएवढं फूल, मोठं असेल तर फूटभर रुंदीचं. ज्यांना आपण पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसतातच; ती रंगीत झालेली पानं, गुलाबी, कडेला रुपेरी लव असलेली. खरी फुलं आतल्या घुमटात, शेकड्यांनी दाटीवाटीने उभी. एकेक फूल म्हणजे एक बारीक नळी. कळीत असतानाच परागकण त्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकावर चोपडले जातात, आणि कळी उमलली की ते टोक ताठ उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्याच्या कपाळाला पराग फासतं. फुलं कडेने उमलत आत जातात, त्यामुळे एकच फूल आज पाहिलेलं आणि पुढच्या आठवड्यात पाहिलेलं वेगळं दिसतं.

एवढी विविधता इथेच का, असा प्रश्न पडल्यावर कुणालाही वाटेल की माती कसदार असणार. आहे नेमकं उलट. हे डोंगर चाळीस-पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्माचे. तो झिजून जी माती होते ती म्हणजे जवळजवळ नुसती पांढरी रेती, आम्लधर्मी, पाणी न धरणारी. नत्र बेताचं आणि स्फुरद तर नावाला. गवत इथे कसंबसं तग धरतं, त्यामुळे गवतावर जगणाऱ्या प्राण्यांचे मोठे कळपही डोंगरांत कधी फारसे नव्हते. अशा जागी कोणा एका धसमुसळ्या वनस्पतीला माजता येत नाही. कसदार जमिनीत चार जाती वाढून बाकीच्यांना सावलीत मारतात. इथे सगळ्यांचीच ओढाताण, म्हणून हजारो जाती आपापली छोटीशी युक्ती घेऊन शेजारी शेजारी नांदतात. शिवाय उत्तर गोलार्धातल्या मोठ्या भूभागांसारखा हा प्रदेश हिमयुगांत बर्फाखाली पुसला गेला नाही. इथे जाती घडत राहिल्या आणि टिकत राहिल्या. ओढ्याची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला गेलं की वेगळी एरिका भेटते, असं इथले जुने ट्रेकर सांगतात, आणि ते अतिशयोक्ती करत नसतात.

प्रोटियाची युक्ती जमिनीखाली आहे. हिवाळी पाऊस पडला की मातीच्या वरच्या थरात त्याला बारीक, केसाळ मुळांचे झुबके फुटतात. ही मुळं आम्लं सोडून मातीच्या कणांना चिकटलेलं स्फुरद सुटं करतात आणि शोषून घेतात. उन्हाळा आला की झुबके वाळून जातात. या उपाशी शिस्तीची झाडाला इतकी सवय आहे की त्याला स्फुरद जास्त झालं तर ते घेणं थांबवता येत नाही. बागेतल्या प्रोटियाला कुणी प्रेमाने हाडांचं खत घातलं तर तो पिवळा पडून मरतो. रोपवाटिकेत प्रोटिया विकत घेताना पहिली सूचना हीच मिळते: खत घालू नका.

आपल्याकडे कास पठारावर जे चालतं ते याच सूत्राने. जांभ्यावर बोटभर माती, पोषण जवळजवळ नाही, आणि म्हणून झाडाऐवजी फुलांचे गालिचे. दोन्ही ठिकाणच्या फुलांत कीटक खाणारी दवबिंदू ही वनस्पती आहे, आणि ते योगायोगाने नाही. मातीत नत्र मिळेना, तर चिकट पानांवर माश्या पकडून ते मिळवायचं, हा उपाय गरीब जमिनीत जगभर सापडतो.

हवामानाचं गणित मात्र आपल्या उलट. इथे पाऊस मे ते ऑगस्ट, म्हणजे हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा आणि वाऱ्याचा. आग्नेयेकडून येणारा उन्हाळी वारा इतका जोराचा असतो की कड्यावर उभं राहणं कठीण होतं. शहराची हवा साफ करतो म्हणून त्याला लाडाने केप डॉक्टर म्हणतात. टेबल माउंटनवर पसरणारी ढगांची प्रसिद्ध चादर याच वाऱ्याची करामत. वसंत ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. पण फेनबॉस बारा महिने काही ना काही फुलतं. बरेचसे प्रोटिया ऐन थंडीत, प्रोटियाच्याच घराण्यातले पिनकुशन वसंतात, आणि भर उन्हाळ्यात जेव्हा सगळं वाळलेलं असतं तेव्हा डोंगरमाथ्यावरच्या ओढ्यांकाठी लाल डिसा नावाचं ऑर्किड.

याच कोरड्या, वाऱ्याच्या उन्हाळ्यात वणवे लागतात. आणि इथे आपल्या मनातल्या सगळ्या कल्पना बाजूला ठेवाव्या लागतात, कारण वणवा ही फेनबॉसची गरज आहे. साधारण दहा-पंधरा वर्षांतून एकदा डोंगर जळला नाही तर झुडपं म्हातारी होतात, एकमेकांवर कोसळतात, खालच्या छोट्या जाती गुदमरतात आणि नवी पिढी येत नाही. फार वारंवार जळला तरी नुकसानच, कारण हळू वाढणाऱ्या प्रोटियांना बी धरायला काही वर्षं लागतात. ती व्हायच्या आत पुन्हा आग आली की वंश खुंटतो.

मार्च 2015 मध्ये म्युझेनबर्गच्या वरच्या डोंगरांत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत सिल्व्हरमाइन आणि टोकाईपर्यंत पसरली. नंतर तिथे गेलेल्यांनी काळाठिक्कर डोंगर पाहिला, पांढरी राख आणि कोळसा झालेल्या काटक्या. पण असा जळका उतार पंधरा दिवसांत पाहावा. राखेतून, एकही पान नसताना, लालभडक फुलांचे दांडे वर येतात. ही फायर लिली. तिचा कंद वर्षानुवर्षं जमिनीत गप्प पडून असतो आणि धुराची चाहूल लागल्याशिवाय फुलत नाही. पाठोपाठ पहिल्या हिवाळ्यानंतर कंदवर्गातल्या इतर जाती, ऑर्किडं, मग बियांतून आलेली रोपं. आगीनंतरचे पहिले दोन वसंत ही फेनबॉसमध्ये चालायची सर्वांत उत्तम वेळ, असं माझं स्पष्ट मत आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत मात्र जळका डोंगर कधी छापत नाहीत.

आग लागणार हे गृहीत धरून प्रत्येकाने आपापली तजवीज केलेली असते. किंग प्रोटियाचं खोड जमिनीखाली जाड गाठीसारखं असतं. वरचं सगळं जळलं तरी त्यातून पुन्हा फुटवे येतात. इतर बरेच प्रोटिया आगीत मरतात, पण मरण्याआधी वर्षानुवर्षं बी लाकडी बोंडांत कुलूपबंद ठेवतात. झाड मेलं की बोंडं वाळून उघडतात आणि बी थंड झालेल्या राखेवर पडतं. राखेत त्या वर्षापुरतं थोडं पोषण असतं, डोक्यावर सावली करणारं कुणी नसतं, बी खाणारे उंदीरही कमी झालेले असतात.

तिसरी पद्धत मुंग्यांची, आणि ती पाहायला पिनकुशनच्या झुडपाखाली उकिडवं बसावं लागतं. फुलं वाळून साधारण दोन महिने झाले की खाली बी गळतं. त्याच्यावर पांढुरका, मऊ, तेलकट थर असतो. काही मिनिटांत एखादी मुंगी येते, चाचपते, मग आणखी दोघी येतात आणि स्वतःहून कितीतरी मोठं बी ओढत बिळात घेऊन जातात. आत तो थर खाऊन टाकतात. खालचं बी गुळगुळीत असल्याने मग ते धरून बाहेर टाकता येत नाही आणि तिथेच राहतं, उंदरांपासून सुरक्षित, आगीच्या आचेपासून नेमक्या खोलीवर. पुढचा वणवा येईपर्यंत दहा-वीस वर्षं. या एका व्यवहारावर फेनबॉसच्या हजारभराहून अधिक जाती अवलंबून आहेत. रूइबॉस चहाचं झुडूपही फेनबॉसमधलंच, सीडरबर्गच्या डोंगरांतलं. 1930 च्या दशकात डॉ. नॉर्टिए यांनी त्याची लागवड सुरू करायचं ठरवलं तेव्हा बारीक बी गोळा करणं अशक्य वाटत होतं. शेवटी एका स्थानिक बाईने ते मुंग्यांच्या वारुळांतून आणून दिलं, असं सांगतात. आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत आरोग्याचा चहा म्हणून ती लाल पुडी मिळते.

दक्षिण अमेरिकेतून चुकून आलेल्या अर्जेंटाइन मुंगीने या व्यवहारात खोडा घातला. ती स्थानिक मुंग्यांना हुसकावते, बियांवरचा थर जमिनीवरच खाते आणि बी उघड्यावर सोडून जाते. विल्यम बाँड आणि पीटर स्लिंग्सबी यांनी 1984 साली हे दाखवून दिलं. जिथे ती मुंगी पसरली होती तिथे आगीनंतर उगवलेली रोपं फारच थोडी होती. डोंगर वरून तसाच हिरवा दिसत राहतो. नुकसान कळतं ते पुढच्या वणव्यानंतर.

धुराचं रहस्य त्याहून उशिरा उलगडलं. फेनबॉसमधल्या अनेक जातींचं बी कितीही पाणी घातलं तरी रुजत नसे. आगीची ऊब लागत असेल म्हणून बिया भाजून पाहिल्या, काही उपयोग झाला नाही. 1990 साली योहानेस डी लांगे आणि चार्ल्स बूशे यांनी एका दुर्मीळ झुडपाच्या बियांना नुसता धूर दिला, आणि त्या रुजल्या. आगीची आच नव्हे, धुरातली रसायनं बियांना जागं करतात. त्यानंतर केपटाऊनच्या किर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात शेकडो जातींवर हा प्रयोग झाला, आणि पुढे 2004 मध्ये धुरातला मुख्य घटक ओळखला गेला. किर्स्टनबॉशमध्ये धुराचा अर्क जिरवलेले कागद विक्रीला आले. घरी पाण्यात कागद बुडवायचा, त्यात बी रात्रभर भिजवायचं, झाला वणवा.

बियांची चिकाटी किती, याचं एक उदाहरण इतिहासातून आलं. यान टेर्लिंक नावाच्या डच व्यापाऱ्याने 1803 च्या सुमारास केपहून निघताना बियांच्या चाळीस पुड्या चामड्याच्या पाकिटात ठेवल्या होत्या. त्याचं जहाज इंग्रजांनी पकडलं आणि कागदपत्रांबरोबर त्या पुड्याही लंडनच्या दप्तरखान्यात गेल्या. दोनशे वर्षं तिथे पडून राहिल्या. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या सापडल्यावर लंडनच्याच क्यू वनस्पती उद्यानाच्या तज्ज्ञांनी पेरून पाहिल्या. बत्तीस जातींपैकी तीन जातींचं बी रुजलं, त्यात एक पिनकुशनच्या घराण्यातलं होतं. धुराची मात्रा तिथेही कामी आली.

फुलांचे पाहुणेही डोंगरागणिक वेगळे. प्रोटियाच्या शेंड्यावर लांबलचक शेपटीचा तपकिरी पक्षी वाऱ्यात हेलकावे खात बसलेला दिसला की तो केप शुगरबर्ड. त्याचं घर, खाणं, घरट्याचं सामान, सगळं प्रोटियाभोवती. बारीक नळीच्या एरिकांवर नारिंगी छातीचा शिंजीर येतो. आपल्या अंगणातल्या शिंजिराचा भाऊबंदच, फक्त फेनबॉसबाहेर तो राहत नाही. काही प्रोटिया तर जमिनीलगत, पानांखाली लपून फुलतात. त्यांची फुलं मळकट, वास आंबूस, आणि रात्री मकरंद चाटायला उंदीर येतात. जाताना ते नाकावर पराग घेऊन जातात.

पण सगळ्यांत गमतीचं फुलपाखरू. टेबल माउंटन प्राइड हे मोठं तपकिरी फुलपाखरू उन्हाळ्यात उडतं आणि त्याला लाल रंगाचं वेड असतं. उन्हाळ्यातल्या बऱ्याच लाल फुलांचं परागीभवन एकट्या त्याच्यावर चालतं. लाल डिसा त्यांतलंच. डिसाच्या घराण्यातली दुसरी एक जात जास्त हुशार. तिच्यात मकरंदाचा थेंबही नसतो, पण शेजारी फुलणाऱ्या मकरंदवाल्या लाल फुलाची ती हुबेहूब नक्कल करते आणि फुलपाखराला फुकट राबवते. जिथे शेजारचं फूल नारिंगी असतं तिथे याच जातीचं ऑर्किडही नारिंगी! फेब्रुवारीत डोंगरावर जाणाऱ्याने लाल टोपी किंवा लाल मोजे घालावेत. हे फुलपाखरू फसून जवळ येतं, घिरट्या घालतं, आणि निराश होऊन निघून जातं.

आता झाडांबद्दल. इथे आलेल्या युरोपीय लोकांनाही हे डोंगर उघडेबोडके वाटले. लाकूड हवं होतं, सावली हवी होती, आणि डोंगर म्हणजे झाडी ही कल्पना पक्की होती. मग पाइन लावले, ऑस्ट्रेलियातून वॅटल आणि हेकिया आणले. ती झाडं फोफावली, कारण त्यांच्या मूळ देशातले रोग आणि कीटक इथे नव्हते, आणि आग तर त्यांच्याही ओळखीची. त्यांचं बी वाऱ्याने लागवडीबाहेर गेलं आणि फेनबॉसवर सावली धरू लागलं. सावलीत फेनबॉस मरतं. स्टेलेनबॉशजवळ योंकर्सहुक इथे 1930 च्या दशकापासून एकाशेजारी एक असलेल्या ओढ्यांचं पाणी मोजलं गेलं, काही खोऱ्यांत पाइन लावून, काहींत फेनबॉस तसंच ठेवून. पाइन जसजसे वाढले तसतसं त्या ओढ्यांचं पाणी घटत गेलं. मोठं झाड जास्त पाणी पितं, खुरटं झुडूप थोडक्यात भागवतं आणि उरलेलं खाली सोडतं. केपटाऊनची धरणं या डोंगरांतल्या ओढ्यांवर भरतात.

2018 मध्ये शहराचं पाणी संपायला आलं. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा आली, लोक आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात वापरत होते, आणि नळ बंद होण्याच्या दिवसाचं डे झीरो हे नाव जगभर गेलं. मुख्य कारण तीन वर्षांचा दुष्काळ, त्यात शंका नाही. पण त्याच वर्षी नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने मांडलेल्या हिशेबानुसार धरणक्षेत्रातली परकी झाडं वर्षाला सुमारे 55 अब्ज लिटर पाणी पीत होती, म्हणजे शहराच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या वापराइतकं. ही झाडं काढण्यासाठी सरकारची वर्किंग फॉर वॉटर ही योजना 1995 पासून चालू आहे. बेरोजगारांना रोजंदारी देऊन करवती-कुऱ्हाडींनी डोंगर मोकळे करायचे. कड्याकपारीतल्या पाइनपर्यंत पोचायला दोराने लटकणाऱ्या खास टोळ्या आहेत.

पर्यावरणासाठी झाडं तोडणारे लोक पाहून आपल्या लोकांना पहिल्यांदा धक्काच बसतो. इथल्याही अनेकांना तो पचत नाही. टोकाईच्या पाइनखाली सावलीत फिरायची सवय झालेल्या रहिवाशांनी तोडीला विरोध केला आणि भांडण न्यायालयापर्यंत गेलं. त्यांची बाजू मला समजते. भर उन्हाळ्यात सावलीची वाट कोणाला नको? पण त्या पाइनखाली ज्याचा मागमूसही नव्हता ते फेनबॉस, झाडं काढून जमीन जाळल्यावर, कित्येक दशकांनी पुन्हा उगवून आलं. बी मातीत वाट बघत होतं.

डोंगर निदान वाचले, कारण ते नांगरता येत नाहीत. सपाटीवरच्यांचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. फेनबॉसच्या शेजारीच, जरा कसदार मातीवर, रेनॉस्टरफेल्ड नावाचं झुडपी रान होतं, जगात कंदवर्गीय फुलांची सर्वांत जास्त दाटी असलेलं. सखल भागातलं नव्वद टक्क्यांहून जास्त गव्हाखाली गेलं. केपटाऊनच्या वाळूच्या मैदानावर शहर पसरलं आणि तिथली एरिका व्हर्टिसिलाटा ही गुलाबी फुलांची जात रानातून पार संपली. ती नंतर सापडली ती प्रिटोरियातल्या एका बागेत, लंडनच्या क्यूमध्ये आणि व्हिएन्नात, जुन्या काळी कुणीतरी शोभेसाठी नेलेली. तिथून फाटे आणून केपटाऊनच्या काही राखीव जागांत ती पुन्हा लावली आहे.

या शहरात आपल्या बाजूचे लोक फार आधीपासून आहेत. रत्नागिरी आणि आताच्या रायगड जिल्ह्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेले कोकणी मुसलमान इथल्या भारतीय समाजाचा मोठा भाग आहेत. ते ज्या गावांतून निघाले त्या गावांच्या वर सडे असतात, कातळाचे, उन्हाळ्यात भाजणारे आणि भाद्रपदात फुलांनी भरणारे. त्या सड्यांकडे आपण कसं बघतो? पडीक. भारत सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशावहीत झुडपी जमीन हा त्यांचाच एक प्रकार म्हणून छापला जातो. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सुमारे 86 हजार हेक्टरवर पसरलेलं झुडपी जंगल हे वन आहे की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ते वनच मानावं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 22 मे 2025 रोजी. केपच्या डोंगरांना उघडं समजून पाइन लावणारे आणि आपल्या माळावर सुबाभूळ, ग्लिरिसिडिया लावून त्याला हिरवाई म्हणणारे यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

केपटाऊनने एक गोष्ट मात्र चांगली केली आहे. लोकांना मोजायला शिकवलं. 2003 पासून क्रू नावाचे स्वयंसेवकांचे गट, त्यात बरेच निवृत्त लोक, डोंगर पालथे घालून दुर्मीळ फुलांच्या नोंदी ठेवतात, आणि त्यांना संपली असं मानलेल्या जाती सापडल्याही आहेत. 2019 च्या सिटी नेचर चॅलेंज या जागतिक स्पर्धेत, जिथे शहरातले लोक चार दिवसांत दिसेल त्या प्रत्येक जीवाचा फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतात, केपटाऊन नोंदींत आणि जातींत जगात पहिलं आलं.

इथे यायचं असेल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर यावं, एकट्याने डोंगरावर जाऊ नये (वाटमारी होते, आणि धुकं दहा मिनिटांत येतं), वाऱ्याचं जाकीट घ्यावं आणि मोठ्या शिखरांच्या मागे न लागता सिल्व्हरमाइन किंवा कोगेलबर्गच्या सपाट वाटा धराव्यात. येणं जमत नसेल तरी काही बिघडत नाही. तुमच्या गावच्या माळावर पुढच्या पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला असेल, तर खड्डे खणण्याआधी भाद्रपदातल्या एका सकाळी तिथे जा, गुडघ्यावर बसा, जे जे फुललंय त्याचे फोटो काढा आणि आयनॅचरलिस्टवर टाका. नावं सांगणारे लोक तिथे आहेत. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि मगच ठरवा खड्डे कुठे खणायचे ते.